मगदूम काकूंचे खाजगी शेरे

"कोण तापट? मी तापट?"

शामराव शिंत्र्यांनी टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा तांब्या आडवा झाला आणि सगळं पाणी कडेवरून थेट माझ्या मानेवर आलं, कारण मी त्या टेबलाखाली बसले होते. बघणाऱ्याला वाटावं, पुण्याहून आलेली इंजिनियर वायरी तपासते आहे. वायरी उत्तम होत्या. मी लपले होते.

"अहो वहिनी," शिंत्र्यांचा आवाज वरून येत होता, "पस्तीस वर्षांची वळख आपली. आन् माझ्या पोराच्या कागदावर हे लिवता? वाचून दाखवू? वडील तापट. बोलणी आईशीच करावीत. हे काय हो?"

"शामराव, मी हे तुमच्याबद्दल लिहिलेलं नाही," मगदूम काकू म्हणाल्या.

"मग कुनाबद्दल? कागद कुनाच्या पोराचा हाय?" आणि पुन्हा मूठ.

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शिंत्रेबाई कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "बरोबरच लिवलंय की." टेबलाखाली मला ते स्वच्छ ऐकू आलं.

ही अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जयसिंगपूरचं एक मंगल कार्यालय, रविवार, सकाळचे साडेअकरा, एका मंडळाचा वधू-वर परिचय मेळावा, सहाशे माणसं. त्या सहाशेंत फक्त मला ठाऊक होतं की तो शेरा त्या कागदावर कसा आला. मी तो आणला होता. हाताने नव्हे, पण हाताने आणला असता तर निदान चार लोकांनी पाहून मला थांबवलं तरी असतं.

आमची कंपनी तेव्हा कोथरूडमध्ये एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होती. कीबोर्ड उलटा केला की त्यातून ज्वारीचं पीठ पडायचं. कंपनी म्हणजे उकिडवे सर, मी आणि आणखी चौघं. आम्ही एकच स्वस्त कॉम्प्युटर बनवत होतो, पण त्याला आठ पडदे आणि आठ कीबोर्ड जोडलेले असायचे. आठ माणसांनी एकाच वेळी काम करावं आणि प्रत्येकाला वाटावं, मशीन आपलंच आहे. प्रत्यक्षात प्रत्येकाला वाटायचं, मशीन बंद पडलंय. इतकं ते सावकाश चालायचं.

त्याचा कर्नेल माझ्याकडे होता. कर्नेल म्हणजे बाकी सगळ्या प्रोग्रॅमांचा कारभारी. कुणाला किती मेमरी, कुणाची पाळी कधी, हे तो ठरवतो. त्याचा स्वभाव असा की प्रोग्रॅमने मेमरी मागितली की तो "दिली, दिली" म्हणतो आणि काहीच देत नाही. प्रोग्रॅम खरोखरच त्या जागेला हात लावायला गेला की बिंग फुटतं, सगळं थांबतं, मग कारभारी धावत जाऊन मेमरीचा एक मोकळा तुकडा शोधतो, तो पुसून कोरा करतो आणि पुढे सरकवतो. त्या तुकड्याला पेज म्हणतात आणि या सगळ्या धावपळीला पेज फॉल्ट. हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. ही धावपळ कमी वेळात उरकायला शिकवणं, एवढंच माझं काम.

"पंधरा मिनिटांचं काम आहे," सर म्हणाले होते. सरांच्या हिशेबी प्रत्येक काम पंधरा मिनिटांचं असे. त्यांच्या लग्नाची बोलणीही तेवढ्यात उरकली होती असं ते सांगत.

कुठे किती वेळ जातो ते मी नऊ दिवस मोजत बसले. तेव्हा लक्षात आलं की तीनांतले दोन हिस्से वेळ नुसता पुसण्यात जातो. आमच्या बोर्डावरची मेमरी स्वस्तातली होती आणि स्वस्त मेमरी पुसायलाही मंद. फोटोसकट एक परिचयपत्र उघडायचं तर हजारो पेजेस लागणार, आणि प्रत्येक आधी पुसा, मग द्या. एक कागद छापायला अकरा सेकंद.

आता मुळात पुसायचं कशाला? तर आधीच्या प्रोग्रॅमने तिथं काही लिहून ठेवलेलं असेल, ते पुढच्याच्या हाती लागू नये म्हणून. मी विचार केला, आमच्या मशीनवर सगळे प्रोग्रॅम आमचेच. घरातल्या घरात कसली आलीय चोरी? आणि पुसणारी ती एक ओळ मी काढून टाकली.

अकराचे चार सेकंद झाले. सरांनी गिरणीवाल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. "बघ, म्हटलं नव्हतं, पंधरा मिनिटांचं काम!" मीही पेढे खाल्ले. दोन खाल्ले. जयसिंगपूरच्या मंडळाने मेळाव्यात मशीन वापरून बघून चांगलं पत्र दिलं की आणखी सहा गावची मंडळं हे मशीन घेणार होती, आणि नाही दिलं तर कंपनीत कर्नेल लिहिणारं माणूस ठेवायची गरज उरणार नव्हती. मला ते काम मनापासून आवडायचं, ते हातचं जाऊ नये असं वाटायचं.

मगदूम काकू मला शनिवारी संध्याकाळी भेटल्या. साठीच्या, ठेंगण्या, पदर खोचलेल्या, नाकावर घसरलेला चष्मा. मेळाव्याचं जेवण त्यांच्या देखरेखीखाली आणि गोपनीय विभागही त्यांच्याकडे. गोपनीय विभाग म्हणजे एक लाल वही. वीस वर्षं काकू प्रत्येक स्थळाच्या घरी जाऊन चहा घेऊन येत आणि वहीत त्या घराबद्दल एक ओळ लिहीत. परिचयपत्रात लोक जे लिहितात त्याला काकू 'जाहिरात' म्हणायच्या. वहीतली ओळ खरी. कुणाचं जमत आलं की काकू दोन्हीकडच्यांना एकेकटं बोलावून त्यांना जेवढं कळायला हवं तेवढंच, आपल्या शब्दांत सांगायच्या. वही मात्र कुणालाच दाखवायच्या नाहीत. नवऱ्यालासुद्धा नाही. लोक त्यांच्यापाशी मनातलं बोलायचे ते या भरवशावर. यंदा मंडळाने ठरवलं, वही कॉम्प्युटरवर घ्यायची. आठ नंबरचा पडदा काकूंचा, त्याला कुलूप, आणि किल्लीचा शब्द फक्त काकूंना ठाऊक.

"नक्की ना गं?" त्यांनी मला विचारलं होतं. "यातनं कुणाला दिसणार नाही ना?"

"काकू, अजिबात नाही," मी म्हणाले. चार सेकंदांच्या नशेत होते.

रविवारी दहा वाजता काकू एका बोटाने शेरे चढवायला बसल्या आणि बाकीच्या सात पडद्यांवर परिचयपत्रं छापायला सुरुवात झाली. मग व्हायचं तेच झालं. काकूंनी एक शेरा लिहिला, जपून ठेवला, पडद्यावरची खिडकी बंद केली. त्यांची मेमरी मोकळी झाली ती मी न पुसता पुढच्याला दिली. पुढचा म्हणजे परिचयपत्र छापणारा प्रोग्रॅम. त्याने वरच्या भागात मुलाचं नाव, शिक्षण, पगार भरला, खालचा भाग कोरा आहे असं धरून चालला, आणि आहे तसं सगळं छापून टाकलं. काकूंचा शेरा, दुसऱ्याच कुणाच्या तरी कागदाच्या तळाशी, सुवाच्य अक्षरांत.

खरी गंमत पुढेच होती. शेरे सगळे चुकीच्या माणसांना जाऊन चिकटले होते, आणि एकही माणूस 'हे माझं नाही' म्हणत नव्हता.

कुरुंदवाडच्या एका मुलीच्या कागदाखाली आलं, 'स्वयंपाक येत नाही. येतो म्हणून सांगतात.' तिच्या आईने कागद वाचला आणि लेकीकडे वळून म्हणाली, "तूच सांगितलंस व्हय काकूंना?" एका इंजिनियर मुलाच्या कागदावर, 'उंची दोन इंच वाढवून सांगितली आहे.' तो जो खुर्चीत बसला तो जेवणापर्यंत उठलाच नाही. आणि शिरोळच्या एका बँकेतल्या मुलाच्या कागदावर, 'मुलाचं मन दुसरीकडे आहे. घरी माहीत नाही.' वडील चष्मा पुसून पुन्हा वाचू लागले, तोवर कुणी काही विचारलेलं नसताना तो मुलगा म्हणाला, "तिचे वडीलपण तयार आहेत."

अर्ध्या तासात काकूंच्या टेबलाभोवती चाळीस माणसं जमली. त्यांतली निम्मी रागावलेली होती आणि निम्मी रागावलेल्यांचे कागद वाचायला आलेली. मी पहिला कागद हातात घेतला तेव्हाच काय घडलंय ते ओळखलं होतं. माझी काढून टाकलेली ओळ मला त्या कागदावर दिसली. आणि मी काय केलं, तर वायरी तपासायला टेबलाखाली गेले.

तेवढ्यात माईकवर उकिडवे सरांचा आवाज आला. सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचा त्यांच्या मशीनवर पूर्ण विश्वास होता. "मंडळी, शांत व्हा! मी एकच सांगतो. मशीन स्वतःच्या मनाने काही लिहीत नाही. जे माणसाने लिहिलं तेच मशीन छापतं."

वाक्य अगदी खरं होतं. म्हणूनच त्याने घात केला. सहाशे माणसांनी एकदमच काकूंकडे बघितलं.

मंडळाचे अध्यक्ष अण्णा आवटी टेबलापाशी आले. भला माणूस, पण गर्दी बघून निर्णय घेणारा. दुपारी चार वाजता काकूंचा सत्कार होता, वीस वर्षांच्या सेवेबद्दल, शाल आणि श्रीफळ. अण्णांच्या हातात कार्यक्रमाची यादी होती. मला टेबलाखालून त्यांचे पाय, धोतराचा काठ आणि तो कागद एवढंच दिसत होतं. त्यांनी कागद टेबलाच्या कडेला उभा टेकवला, त्यावर पेन चालवलं आणि काकूंचं नाव खोडलं. काकूंशी एक शब्दही बोलले नाहीत.

काकूंनी आडवा झालेला तांब्या सरळ केला. थोड्या वेळाने त्या वाकल्या, पदराने माझी मान पुसली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाहेर ये पोरी, भिजलीस. तू घाबरू नकोस. तुझ्या मशीनचं काही नाही. माझंच बोट कुठंतरी चुकीचं पडलं असणार. मला कुठं येतंय त्यातलं."

मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. रागावल्या असत्या तर मी कदाचित संध्याकाळपर्यंत खालीच बसले असते.

मी स्टेजवर गेले. सरांच्या हातून माईक घेतला. सर खूश झाले. त्यांना वाटलं, मी मशीनची बाजू मांडणार.

"नमस्कार. मी केतकी रेडीज. काकूंची काही चूक नाही. चूक माझी आहे. मी पेज फॉल्ट हँडलरमधून..."

सभागृहात कुणाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"बाई, सोपं करून सांगा," अण्णा म्हणाले.

मी इकडेतिकडे बघितलं. मागच्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. पहिल्या पंगतीची तयारी चालली होती. बायका ताटं मांडत होत्या.

"असं समजा," मी म्हणाले, "हे मशीन म्हणजे पंगत. ताटं मोजकी आहेत. एक जण जेवून उठला की त्याचं ताट घ्यायचं, धुवायचं आणि पुढच्याला वाढायचं. धुण्यात फार वेळ जात होता. पंगत लवकर उठावी म्हणून मी... मी धुणं बंद केलं."

आता मात्र सभागृह हललं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कानात बोटं घातली. मागून एका बाईचा आवाज आला, "अगं बाई! उष्ट्या ताटात वाढलंस?"

"हो."

"सहाशे माणसांना?"

"हो. काकू आपल्या ताटात जे जेवल्या, त्याचं उष्टं तुमच्या पानात आलं. त्या शेऱ्यांचा तुमच्याशी काही संबंध नाही. कुणाचा कुणालाही गेलाय. काकूंनी कुणाला काही दाखवलेलं नाही. मी दाखवलं."

माझ्या शेजारी उकिडवे सर हळूहळू खुर्चीत बसले. लोकांना कर्नेल कळला नव्हता, पण उष्टं कळलं होतं. कुजबूज सुरू झाली, आणि माझ्याकडे बघायची लोकांची नजर अशी झाली की जणू मी खरोखरच कुणाचा तरी अर्धा खाल्लेला लाडू त्यांच्या ताटात ठेवला आहे.

शिंत्रे मात्र उभे राहिले. "थांबा. म्हंजे ते तापट माझ्याबद्दल न्हाई?"

"नाही."

"कशावरनं न्हाई? बायको तर म्हंते बरोबर हाय!"

सगळा हॉल हसला. शिंत्रे चिडले आणि चिडून म्हणाले, "हसताय काय? मग हा तापट मानूस हाय तरी कोन? सांगा वहिनी! कुनाचा शेरा हाय ह्यो?"

हा प्रश्न सगळ्यांनाच हवा होता. प्रत्येकाच्या हातात कुणाचं तरी गुपित होतं आणि ते कुणाचं ते एकट्या काकूंना ठाऊक होतं. काकू आपल्या जागेवरून उठल्या. त्यांना माईक लागला नाही.

"शामराव, वीस वर्षांत मी तुमचं इतरांना सांगितलं नाही. इतरांचं तुम्हाला आता सांगू व्हय?"

शिंत्रे बसले. त्यांचंही काहीतरी वहीत असणार, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असावं. मी अण्णांकडे बघत होते. अण्णा आपल्या हातातल्या यादीकडे बघत होते.

मला वाटलं, संपलं. काकू सुटल्या, आता मी सामान आवरून बस पकडायची आणि उद्यापासून दुसरी नोकरी शोधायची. पण काकू खाली बसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

"ए पोरी, एक सांग. धुवायला वेळ लागतो म्हणून धुतलं नाहीस. आधी धुवत होतीस ते कधी?"

"कुणी ताट मागितलं की."

"म्हणजे? माणूस पाटावर येऊन बसल्यावर?"

"हो. बसला, त्याने हात पुढे केला, की धुऊन द्यायचं."

काकूंनी कपाळाला हात लावला. बायकांच्या बाजूला हशा पिकला.

"अगं, असं कुणी करतं का? पंगत उठली की दुसरी बसेपर्यंत ताटं घासून, धुऊन, पालथी घालून ठेवायची. माणूस बसला की उचलायचं आणि पुढं ठेवायचं. त्या वेळी घासायला घेतलंस तर उशीर होणारच की. तुमच्यात मधे कुणी रिकामं नसतं का?"



रिकामं? आठ माणसं एका बोटाने टाइप करणार, मधे चहा पिणार, शेजारच्याला 'वैशाख' कसं लिहायचं विचारणार. माझं मशीन दहातले नऊ हिस्से वेळ बिनकामाचं बसलेलं असायचं. मी ते नऊ दिवस मोजत होते, पण मोजताना फक्त धावपळीचा वेळ मोजला होता. नुसतं बसून असल्याचा मोजायचं मला सुचलंच नाही. त्या वेळात पेजेस आधीच पुसून एका बाजूला रचून ठेवली तर मागणाऱ्याला नुसतं उचलून द्यायचं. ना थांबणं, ना उष्टं.

"काकू," मी माईकवरच म्हणाले, "मला जेवणाची सुट्टी द्याल? एक तास."

"घे की. आमची पहिली पंगत बसतीय."

लोक जेवायला गेले. मी आठ नंबरच्या पडद्यापाशी लॅपटॉप उघडून बसले. सर येऊन शेजारी उभे राहिले.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही फक्त किती सेकंद लागतात ते विचारलंत, सर."

त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "किती वेळ लागेल? पंध..." आणि स्वतःच थांबले. जाऊन माझ्यासाठी ताट घेऊन आले. धुतलेलं आहे ना, हे त्यांनी तीनदा बघितलं असं नंतर वाढपी बायका सांगत होत्या.

काढलेली ओळ मी परत घातली, पण जागा बदलली. मशीन रिकामं असेल तेव्हा मोकळी पेजेस पुसायची आणि पुसलेल्यांची वेगळी रांग लावायची. रांग संपलीच तर मात्र समोर बसलेल्यासाठी तिथल्या तिथे पुसायचं, पण पुसल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. सगळं मिळून चाळीसेक ओळी. सव्वादोनला पहिला कागद निघाला. चार सेकंद, आणि तळाशी कोरा. काकूंनी मुद्दाम एक खोटा शेरा लिहून बंद केला आणि आम्ही लागोपाठ तीस कागद छापले. तीसही कोरे. काकू स्वतः तीसही कागद उजेडाला धरून बघत होत्या.

सकाळचे कागद काकूंनी एकेका घराची समजूत घालून परत मागून घेतले आणि पाणी तापवायच्या चुलीत घातले. शिंत्रेबाईंनी मात्र आपला परत केला नाही. हरवला म्हणाल्या.

चार वाजता अण्णा काकूंच्या टेबलापाशी आले. यादी नवी लिहून आणली होती.

"वहिनी, नाव परत घातलंय. चला स्टेजवर."

काकूंनी पडद्यावरून नजर काढली नाही. "अण्णा, खोडताना विचारलं नाहीत. लिहिताना तरी विचारायचं होतं."

अण्णांचा चेहरा उतरला. काकूंनी हातातला शेरा एका बोटाने पुरा केला, जपून ठेवला, खिडकी बंद केली, आणि मग म्हणाल्या, "मला काम आहे. द्यायचंच असेल तर इथं द्या." म्हणून मग अध्यक्ष, खजिनदार आणि प्रमुख पाहुणे अशी सगळी मंडळी शाल-श्रीफळ घेऊन स्टेजवरून खाली उतरली. सत्कार टेबलापाशी झाला. टाळ्या वाजवताना माझे डोळे भरून आले होते.

मंडळाने पत्र दिलं. चांगलं दिलं. माझी नोकरी राहिली आणि कर्नेलही माझ्याकडेच राहिला.

पुढे दोन वर्षांनी आम्ही आमचं हे काम जगभरच्या कर्नेल लिहिणाऱ्यांच्या समूहाकडे पाठवलं. तिथं कुणाचाही बदल सरळ घेत नाहीत. आधी सगळे मिळून त्याची चिरफाड करतात. आधी धुऊन ठेवायची युक्ती इतर कुणाकुणाला पूर्वीच सुचून गेली होती, हे मला तोवर कळलं होतं. पण काकूंनी त्यांचं काही वाचलेलं नव्हतं आणि मला ती काकूंकडून मिळाली होती. तेव्हा बदलाच्या खाली, जिथं कुणाकुणाची मदत झाली ते लिहितात, तिथं मी लिहिलं, 'कल्पना: सुनंदा मगदूम, जयसिंगपूर.'

आठवड्याने नॉर्वेहून हेनिंग नावाच्या एका गृहस्थाचं पत्र आलं. त्याने माझ्या चाळीस ओळींत अकरा चुका काढल्या होत्या, त्या दुरुस्त कराव्यात म्हणून आगाऊ आभारही मानले होते. शेवटी लिहिलं होतं की सुनंदा मगदूम कोणत्या विद्यापीठात आहेत ते त्याला सापडलं नाही. नियमाप्रमाणे नावासोबत ईमेलचा पत्ता लागतो, तो नसेल तर नाव काढावं लागेल. पण ज्यांचं नाव आहे त्यांना विचारल्याशिवाय ते काढणं त्याला बरोबर वाटत नाही. तेव्हा कृपा करून त्यांना विचारावं.

मी जयसिंगपूरला फोन लावला. कर्नेल, समूह, नॉर्वे, सगळं सांगितलं. काकू मधे मधे "बरं" म्हणत होत्या. मागे कुकरची शिट्टी झाली, ती त्यांनी होऊ दिली.

"म्हणजे माझं नाव खोडायचं आहे," काकू म्हणाल्या.

"पत्ता नसेल तर. पण मी तुमचा पत्ता काढून देते, काकू, पाच मिनिटांत होईल. नाव राहील."

"ते होऊ दे सावकाश. मला हे सांग, खोडू का म्हणून त्यानं मला विचारायला लावलं?"

"हो."

"ओळख ना पाळख, एवढ्या लांबनं?"

"हो, काकू."

पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"लग्न झालंय का गं त्याचं?"